काट्याला लागलेली साखर

दर महिन्याच्या पाच तारखेला
अंगणवाडीच्या आढ्याला मी काटा अडकवते,
झोळीत एकेक पोर ठेवते
आणि तक्त्यावर पेन्सिलीनं टिंब देते.
वायदंड्यांची स्वरांजली. नाव केवढं, पोर केवढी.
तीन वर्षं दोन महिने,
नऊ किलो सहाशे.
टिंब तांबड्या पट्ट्यात जाऊन बसतं
विहिरीत पाय सोडून बसल्यासारखं.

तिची आई उज्ज्वला सावळजच्या रस्त्याला
बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते.
काड्या वेगळ्या, काळा वेगळा, फुटका वेगळा,
हिरवा लांब दाणा सगळ्यांत वर.
दिवसाचे अडीचशे.
जाताजाता बॉक्सही उचलायचे,
एकेक पंधरा किलोचा.
एकदा म्हणाली,
"बाई, बॉक्स उचलताना हात बरोबर बसतो.
घरी येऊन पोरगी उचलली
की हात नुसताच वर जातोय,
जोर जास्त लावल्यागत."

रेशनच्या मशीनला तिचा अंगठा कळत नाही.
दाणे चोळून चोळून रेघा गेल्या.
दुकानदार बिरनाळे तसा भला माणूस,
म्हणतो, ओल्या फडक्याला पूस, परत ठेव.
परत ठेव.
परत ठेव.
चौथ्या खेपेला तांदूळ मिळतो.
तांदूळच मिळतो.
डाळीचं विचारायचं नाही,
अंडं सात रुपयांना एक,
आणि शेडच्या दारातल्या टपरीवर
पाच रुपयांचे नारंगी, कुरकुरीत पुडे.
आमच्याकडे पोराच्या हाताला लागेल
इतक्या खाली
तेवढंच टांगलेलं असतं.

मागल्या सौद्याला मी तासगावला गेले,
नुसतं बघायला.
व्यापारी बॉक्समधून मूठ भरतात,
नाकाशी नेतात,
दोन दाणे तोंडात, बाकी जमिनीवर.
पुढचा बॉक्स. मूठ. जमीन.
तासाभरात माझ्या चपला चिकटायला लागल्या.
झाडणाऱ्या मावशीला विचारलं, आजचं किती?
"हे काय, एवढंच की."
मी पिशवीतनं काटा काढला.
(काटा घेऊन का गेले होते, मलाही सांगता यायचं नाही.)
मावशीनं सगळं माझ्या झोळीतच ओतलं.
अकरा किलो चारशे.
एका रांगेचं.

ग्रामसभेत मी हे दोन आकडे वाचून दाखवले
आणि खाली बसले.
शेडचे मालक दयासागर शेटे लगेच उठले,
"अंगणवाडीला दोन बॉक्स माझ्याकडनं. पुण्याचं काम आहे."
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असतील.
तेवढ्यात मागनं, बायकांच्या घोळक्यातनं,
उज्ज्वला उभी राहिली. पदर खोचलेला,
शेडवरनं तशीच आलेली.

"पुण्य नको, दर सांगा.
आमच्याच हातानं निवडलेला
महिन्याला किलोभर,
आमच्या मजुरीत बसंल अशा भावानं.
फुकटचं एक दिवस येतंय, दुसऱ्या दिवशी फोटो येतोय.
रेशनला डाळ पायजे. पोरांना अंडं पायजे,
रोज, नुसतं सणाला न्हाई.
आणि त्या मशीनला सांगा,
माझा अंगठा बघायचाच असंल
तर बॉक्स उघडून बघ म्हणावं.
दाण्यादाण्यावर हाय."

कुणी टाळी वाजवली नाही.
शेटे मोबाईल बघत होते.
ग्रामसेवकानं लिहून घेतलं.
लिहून घेतलं म्हणजे काय होतं, ते मला ठाऊक आहे,
बावीस वर्षं मीही लिहूनच घेते आहे.
पण या खेपेला मी वाकून बघितलं:
"दर" हा शब्द त्यानं लिहिला होता,
आणि दान खोडलं होतं.

परवा पाच तारीख.
पेन्सिलीला टोक केलंय, काटा पुसून ठेवलाय.
झोळी धुवायची तेवढी राहिली,
काठ अजून चिकट लागतो.
स्वरांजली आत बसल्या बसल्या
तो काठ तोंडात घालणार.
मी वजन वाचायचं थांबेन.
चाटू दे.